आपला रस्ता नेमका कुणाचा? गुहागर–विजापूर मार्गावरून जाता जाता

आमच्या फाट्यावर कराड–चिपळूण रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा एक दगड होता. लहानपणी त्याचं डोकं हिरवं होतं. काही वर्षांपूर्वी दोन माणसं दुचाकीवरून आली, बादलीतून पिवळा रंग काढला आणि दहा मिनिटांत त्याचं डोकं पिवळं करून गेली. चहाच्या टपरीवर बसलेले आमचे तात्या बघत होते. ते म्हणाले, "आरं, रस्ता त्योच, खड्डं तीच, आन् सरकार तेवढं बदललं व्हय?"

तात्यांनी चेष्टेत विचारलं, पण घडलं होतं तेच. राज्याचा रस्ता केंद्राचा झाला होता. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या अशा कितीतरी रस्त्यांची डोकी हिरव्याची पिवळी झाली. 'राज्य मार्गाला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा' अशी बातमी येते, फटाके वाजतात, फलक लागतात. पुढच्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की तक्रार घेऊन नेमकं कुणाच्या दारात जायचं, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. म्हणून माझ्या रोजच्या ओळखीच्या या एका रस्त्यावरून सगळा प्रकार समजावून सांगतो.

आधी रस्ता बघू

गुहागरला समुद्राकाठी सुरू होणारा हा रस्ता चिपळूणला येतो. तिथे बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग ओलांडून तो खडपोली, शिरगाव, पोफळी करत सह्याद्रीच्या पायथ्याला भिडतो. मग कुंभार्ली घाट. चिपळूण जवळपास समुद्राच्या पातळीवर आहे आणि घाटमाथा सुमारे दोन हजार फुटांवर. वर आलं की हेळवाक, डावीकडे आत कोयनानगर आणि धरण. तिथून कोयनेच्या खोऱ्यातून पाटण, पुढे कराड. कराडला पुणे–बंगळूर महामार्ग ओलांडायचा आणि कडेगाव, विटा, जत असं दुष्काळी पट्ट्यातून थेट विजापूर गाठायचं. कर्नाटकाने 2014 साली त्याचं विजयपूर केलं, आमच्याकडे अजून विजापूरच म्हणतात.

याच रस्त्यावर कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जतेकडे जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. जतेकडे डांबर उन्हाने पाघळतं, कोयनेकडे पावसाने उखडतं. रस्त्याला दोन टोकं असतात हे खरं, पण इतकी वेगळी टोकं फार थोड्या रस्त्यांच्या वाट्याला येतात.

गुहागर आणि विजापूर ही जोडी जमली कशी?

नकाशा बघणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. कोकणातलं नारळी-पोफळीचं गाव आणि कर्नाटकातलं गोलघुमटाचं शहर, यांचा संबंध काय?

संबंध आहे तो दाभोळचा. वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ हे बहामनी आणि नंतर आदिलशाही काळात कोकण किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. इतकं मोठं, की 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मेदा या व्हाइसरॉयने ते मुद्दाम जाळलं आणि लुटलं. घोडे, कापड, मसाले असा माल गलबतातून खाडीत यायचा. वाशिष्ठीची खाडी आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत होड्यांना चालत असे. तिथून पुढे बैलांच्या पाठीवर घाट चढून कऱ्हाड, आणि कऱ्हाडाहून विजापूर. दाभोळला समुद्रालगत उभी असलेली आदिलशाही काळातली मशीद त्या संबंधाची आजही साक्ष देते. घाटाच्या आजूबाजूला जंगली जयगड आणि भैरवगड, पाटणजवळ दातेगड, खाली गोवळकोट असे किल्ले ओळीने बसलेत ते उगाच नाहीत. जिथे माल जातो तिथे जकात असते आणि जिथे जकात तिथे पहारा.

म्हणजे आदिलशाहीच्या राजधानीला समुद्राशी जोडणाऱ्या वाटांपैकी ही एक महत्त्वाची वाट. पुढे दाभोळचं महत्त्व ओसरलं, इंग्रजी अमलात बैलांच्या वाटेची गाडीवाट झाली, मग मोटारी आल्या. वाट मात्र तीच राहिली, कारण डोंगर तोच होता. चढायला सोपी खिंड जिथे असते तिथूनच माणसं जातात, मग राज्य कुणाचंही असो.

रस्त्याला 'जात' कधी चिकटली?

शंभर वर्षांपूर्वी असे दर्जे देशभर एकसारखे नव्हतेच. रस्ते प्रांतांचे आणि जिल्हा लोकल बोर्डांचे, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. मोटारी वाढल्या तशी बोर्डांची कुवत संपली. तेव्हा 1927 साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचं, तेच. समितीचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्ते हा साऱ्या देशाचा प्रश्न आहे, एकट्या जिल्ह्याच्या खिशाला तो परवडणार नाही. मग पैसा कुठून आणायचा? रस्ता जो झिजवतो त्याच्याकडून. 1929 पासून पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्त्यांसाठी केंद्रीय निधी उभा राहिला. गावाकडच्या कामाच्या फलकावर 'सीआरएफ', म्हणजे सेंट्रल रोड फंड, आणि 2018 नंतर 'सीआरआयएफ' अशी अक्षरं दिसतात, ती त्याच निधीच्या वंशातली.

निधी आला, पण कुठल्या रस्त्याला किती? त्याचं उत्तर 1943 साली नागपुरात निघालं. तेव्हाच्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि वीस वर्षांचा आराखडा ठरवला. विकसित शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये, असा त्यामागचा हिशेब होता. नागपूर योजना म्हणतात ती हीच. रस्त्यांचे पाच दर्जे तिने पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आताचे राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. महाराष्ट्राने मध्ये 'प्रमुख राज्य मार्ग' ही आणखी एक पायरी घातली. रेवस–रेड्डी सागरी मार्ग त्यातलाच. फलकांवर रा.मा., प्र.रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. अशी जी कोडी दिसतात ती एवढीच.

शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. धरणाचा मुख्य कालवा, त्यातून निघणारी वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेताचा पाट आणि शेवटी सरीत पडणारं पाणी. मुख्य कालवा पाटबंधारे खात्याचा, पण चारीचा गाळ काढायचा तर खालच्यांनाच बघावं लागतं. रस्त्याचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे, त्याखालचे इतर जिल्हा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे.

दगडांचे रंगही यावरूनच. पिवळं डोकं राष्ट्रीय, हिरवं राज्याचं, निळं किंवा काळं जिल्ह्याचं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर केशरी.

नंबर कसा वाचायचा?

आमचा रस्ता आता '166 ई' झाला. तात्या म्हणाले, "ह्यो काय यष्टीच्या शीटचा नंबर?" पण त्यात अक्कल आहे.

2010 साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. उत्तर–दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून पुणे–बंगळूर रस्ता, जुना 4 नंबर, आता 48. त्याच्या पश्चिमेला कोकणातला जुना 17 नंबर, आता 66. दोन्ही सम, आणि पश्चिमेकडचा आकडा मोठा. पुणे–सोलापूर–हैदराबाद आडवा, म्हणून 65.

तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे आडनावासारखे. 166 म्हणजे 66 च्या घरातला. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणाऱ्याला ते नाव मिळालं आणि त्याच्या भावंडांना मागे अक्षरं लागली. आमचा '166 ई' त्यातला एक. नुसता क्रमांक वाचून कळतं, की हा कोकणच्या महामार्गाचा फाटा आहे.

राज्य मार्गांना राज्य आपले वेगळे क्रमांक देतं. त्यांचा या हिशेबाशी संबंध नाही. त्यामुळे एकाच आकड्याचा राज्य मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग दोन वेगळ्या जिल्ह्यांत असू शकतो, त्यात घोळ काही नाही.

दर्जा बदलला म्हणजे नेमकं काय बदलतं?

याला सरकारी भाषेत 'दर्जोन्नती' म्हणतात. वरच्या वर्गात घालणं, एवढाच अर्थ. पण होतं काय, तर रस्त्याच्या सातबाऱ्यावरचं नाव बदलतं.

घटनेत रस्ते हा राज्यांचा विषय आहे, राष्ट्रीय महामार्ग मात्र केंद्राचा. केंद्राने राजपत्रात अधिसूचना काढली की 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने तो रस्ता केंद्राकडे जातो आणि त्याच्या देखभालीची जबाबदारीही केंद्रावर येते. त्या क्षणापासून राज्याच्या अर्थसंकल्पातला पैसा त्याच्यावर सहसा पडत नाही. रुंदी, वळणं, साइडपट्टी यांचे निकष वरचे लागतात. भूसंपादन राज्याच्या महामार्ग कायद्याऐवजी केंद्राच्या कायद्याने होतं. 1 जानेवारी 2015 पासून त्यातला मोबदला 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने ठरतो.

टोलचाही फरक आहे. महाराष्ट्रात 2015 च्या जूनपासून राज्याच्या बऱ्याच नाक्यांवर मोटारी आणि एसटीला टोलमाफी मिळाली. ती केंद्राच्या नाक्यांना लागू नाही. तिथे दुपदरी रस्त्यालाही, दर कमी असला तरी, टोल बसू शकतो. सत्काराच्या भाषणात हा मुद्दा कुणी काढत नाही.

मग खड्डे का बुजत नाहीत?

तात्यांचा मूळ मुद्दा हाच. आणि तो बिनतोड आहे.

एक कारण कागदाचं. अनेक रस्त्यांना आधी 'तत्त्वतः मान्यता' मिळते. म्हणजे हा रस्ता पुढे राष्ट्रीय होणार, एवढंच तोंडी लावणं. अधिसूचना निघालेली नसते. या मधल्या काळात राज्य म्हणतं, आता तो केंद्राचा होणार, आम्ही कशाला पैसे घालू? केंद्र म्हणतं, अजून आमचा झालेला नाही. रस्ता त्रिशंकूसारखा लटकतो आणि खड्ड्यात मुरूम टाकायलाही कुणी धजत नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या दातांना माहेर-सासर दोघांनी पैसे घालायचं टाळावं, तसं.

दुसरं कारण निसर्गाचं, आणि घाटात तेच मोठं. डांबराचा थर म्हणजे सारवणासारखा असतो. भिंतीत ओल नसेल तोवर सारवण धरतं, आतून ओल आली की पोपडे सुटतात. रस्त्याला मारतं ते वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा खालून शिरणारं पाणी. डोंगराच्या बाजूचं गटार दगडमातीने भरलं, मोरी तुंबली, की पाणी रस्त्याखाली झिरपतं, खडीमधली पकड सैल होते आणि मग वरून सोळा चाकांचा ट्रक जातो. कुंभार्ली घाटात जुलैत उभं राहून बघा. जिथे गटार वाहतं आहे तिथला रस्ता धड असतो, जिथे गटाराचं पाणी रस्त्यावरून चालतं तिथे चाळण. त्यामुळे घाटात डांबरापेक्षा फावडं जास्त महत्त्वाचं, आणि ते मे महिन्यात लागतं. उद्घाटनाची पाटी डांबराला लागते, फावड्याला लागत नाही.

जुन्या लोकांना ठराविक मैलांच्या पट्ट्यावर नेमलेले मैलकुली आठवतात. टोपली-फावडं घेऊन रोज आपल्या तुकड्यावर फिरणारा माणूस. आता देखभाल कंत्राटात असते आणि कंत्राट कागदावर वर्षभर असतं.

तक्रार कुणाकडे?

राज्य मार्ग असेल तर उत्तर सोपं. तालुक्याच्या गावी बांधकाम खात्याचा उपविभाग, तिथले उपअभियंता. राष्ट्रीय महामार्गाला दोन शक्यता. काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सांभाळतं, त्याची मदतवाहिनी 1033. पण बरेचसे, विशेषतः आमच्यासारखे खेड्यापाड्यांतून जाणारे दुपदरी रस्ते, राज्याच्याच बांधकाम खात्यातला 'राष्ट्रीय महामार्ग विभाग' बघतो. पैसा केंद्राचा, माणसं राज्याची. त्यामुळे गावातला माणूस नेहमीच्या उपविभागात जातो तेव्हा तिथले साहेब म्हणतात, "आमच्याकडे नाही, एनएचकडे जा." ते खोटं बोलत नसतात. त्याच खात्याचा वेगळा दरवाजा असतो, आणि बऱ्याचदा वेगळ्या गावात.

अर्जात रस्त्याचं नाव लिहून भागत नाही. क्रमांक आणि किलोमीटर लिहा. 'पाटणच्या पुढे वळणावर खड्डा' असा अर्ज फिरत राहतो, दगडावरचा आकडा घातलेला अर्ज टेबलावर थांबतो.

दारूची दुकानं आणि रातोरात बदललेले रस्ते

दर्जा हा नुसता कागद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी 2017 साल आठवावं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये आदेश दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. तो 1 एप्रिल 2017 पासून लागू झाला. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर त्याच्या आदल्या दिवशी 220 मीटर केलं गेलं.

मग काय झालं? दुकानं हलवणं अवघड, म्हणून काही ठिकाणी रस्तेच हलवले. म्हणजे जागेवरून नाही, वर्गातून. शहरातून जाणारा राज्य मार्गाचा तुकडा पालिकेकडे वर्ग करायचा, की तो महामार्ग उरत नाही आणि 500 मीटरही मोजायचे राहत नाहीत. महाराष्ट्रातही हे घडलं. पालिकांना आयत्या वेळी काही किलोमीटर रस्ते आणि त्यांचे खड्डे आंदण मिळाले. पुढे शहरांच्या हद्दीपुरती न्यायालयानेच सूट स्पष्ट केली, पण तोवर धडा मिळाला होता: रस्ता एक इंचही न हलता त्याची जात एका आदेशात बदलते.

सगळेच रस्ते राष्ट्रीय करून टाकले तर?

विचार मोहाचा आहे. पण मुख्य कालवे दुप्पट केले म्हणून धरणातलं पाणी दुप्पट होत नाही. यादीत नाव आलं तरी निधी रहदारीप्रमाणे आणि रेट्याप्रमाणे वाटला जातो. माझं मत विचाराल, तर चांगला सांभाळलेला राज्य मार्ग हा सोडून दिलेल्या राष्ट्रीय महामार्गापेक्षा शंभर पटीने बरा. कुंभार्ली घाटातून खाली भाजीपाला, साखर, दूध उतरतं आणि वर चिरा, मासळी चढते. त्या टेम्पोवाल्याला डोकं पिवळं की हिरवं याचं सोयरसुतक नाही. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरून तिथे वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. ते ज्या उतारावरून खाली जातं त्याच उतारावरून हा टेम्पो वर येतो, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणावर समोरच्या ट्रकला वाट देत.

माझ्या घराचं, दुकानाचं काय?

इथे मात्र दर्जा थेट उंबऱ्यापर्यंत येतो. रस्त्यालगत दोन न दिसणाऱ्या रेषा असतात. पहिली इमारत रेषा, तिच्या आत बांधकाम करायचं नाही. तिच्यापलीकडची नियंत्रण रेषा, तिच्या आतलं बांधकाम परवानगीनेच. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या निकषात मोकळ्या सपाट भागातल्या राष्ट्रीय आणि राज्य मार्गासाठी या रेषा मध्यरेषेपासून 40 आणि 75 मीटरवर धरल्या आहेत. गावठाणात, घाटात आणि खालच्या दर्जाच्या रस्त्यांना अंतर कमी होतं, शिवाय राज्याचे स्वतःचे नियम असतात. प्रमुख जिल्हा मार्गालगत बांधलेलं घर रस्ता वरच्या वर्गात गेला की एकदम रेषेच्या आत येऊ शकतं, घर न हलता.

तात्यांची गुऱ्हाळाची शेड अशीच सापडली. मोजणीला एकदा एका कार्यालयाची माणसं आली, पुढच्या वर्षी दुसऱ्या. पहिल्यांनी डांबराच्या मधोमध टेप धरली आणि शेड बाहेर निघाली. दुसरी मोजणी झाली तोवर रस्ता नदीच्या अंगाला रुंद झाला होता. तात्यांनी त्यांना नव्या मधोमध टेप धरायला लावली, शेड आणखी सात फूट बाहेर. साहेबांनी नकाशा उघडला. त्यात हद्द डांबरावरून धरलेली नव्हती, जुन्या मोजणीच्या दगडांवरून धरली होती. ते दगड शोधायला सगळे बांधाबांधाने निघाले. एक तात्यांच्या गोठ्यात सापडला, म्हशीच्या दाव्याचा खुंटा म्हणून.